पणजीचा पत्ता

पूर्वज शोधायची हौस असेल तर माणसाने नॉर्वेत जन्माला यावे. तिथला माणूस एकदा वारला की सरकारी दप्तरात सुखाने नांदू लागतो. त्या देशाने १८०१ साली, म्हणजे आपल्याकडे दुसरे बाजीराव पुण्याच्या गादीवर होते तेव्हा, घरोघर फिरून माणसांची नावनिशीवार मोजणी केली. घरात कोण कोण, वय काय, धंदा काय, कोण कोणाचे कोण लागते, सगळे लिहिलेले. पुढे १८६५, १८७५, १९०० अशा मोजण्या झाल्या. शंभर वर्षे उलटली की सरकार ते कागद लोकांपुढे ठेवते, की बघा बुवा तुमचे आजे-पणजे. १९२० ची मोजणी अशीच २०२० च्या डिसेंबरात खुली झाली. आपल्याकडेही शंभर वर्षांनी कागद खुले होतात, पण ते वाळवीला.

ही माहिती मला आमच्या सूनबाईने दिली. माझा पुतण्या मिनिआपोलिसला असतो आणि तिथलीच मुलगी त्याने केली. मुलगी सोन्यासारखी आहे. वरणबट्टी हाताने खाते, मला 'काका' म्हणते आणि 'ळ' म्हणताना जिभेला जे कष्ट देते ते पाहून आपलेच डोळे भरून येतात. तिचे पूर्वज नॉर्वेचे. मिनेसोटात हे काही नवल नाही. आपल्याकडे जळगावात पाटील असावेत तसे तिथे हे लोक आहेत.

नॉर्वेतून देशांतर करणाऱ्यांना घेऊन अमेरिकेला गेलेले पहिले जहाज १८२५ च्या ४ जुलैला स्टाव्हांगर बंदरातून निघाले. निघताना माणसे ५२. न्यूयॉर्कला उतरली ५३, कारण वाटेत एक मुलगी जन्मली. त्या मुलीचे नाव मार्गारेट, जन्म २ सप्टेंबरचा, हेसुद्धा लिहून ठेवलेले आहे. पुढच्या शंभर वर्षांत त्या एवढ्याशा देशातून आठ लाखांवर माणसे तशीच गेली, आणि अमेरिकेने त्यांना दर दहा वर्षांनी मोजले. १९०० सालच्या अमेरिकन मोजणीत बाईला विचारत, या देशात कधी आलात, मुले किती झाली, पैकी हयात किती. सूनबाईच्या एका खापरपणजीच्या नावापुढे लिहिले आहे : झालेली नऊ, हयात पाच. हे सांगताना फोनवर ती जरा थांबली. मीही थांबलो. एरवी अमेरिकेचा फोन आला की आमच्याकडे कोणी थांबत नाही.

तर या सूनबाईला दिवस गेले आणि मुलगी होणार असे कळले. (तिकडे आधी सांगतात. इकडे सांगणे गुन्हा आहे, आणि तो का आहे हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली.) त्यांच्याकडे जुनी रीत अशी की पहिल्या मुलीला आजीचे नाव द्यायचे. मधले नाव तिने आपल्या खापरपणजीचे ठरवले. पहिले नाव मात्र नवऱ्याच्या घराण्यातल्या सर्वांत जुन्या बाईचे हवे, असे तिने मला कळवले आणि वर म्हणाली, "काका, जामनेरचा सेन्सस बघून सांगा ना."

आता जामनेरचा सेन्सस! हिंदुस्थानात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली, ती ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी. सगळीकडे एकदम मोजले ते १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. तेव्हापासून दर दहा वर्षांनी आपण मोजले जातो. २०२१ ची खेप करोनाने चुकली आणि पुढची २०२७ ला ठरली. म्हणजे मोजण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही. पण साहेबाला हवे होते आकडे. गावोगावचे कागद गोळा व्हायचे, बेरजा व्हायच्या, जाडजूड अहवाल छापले जायचे आणि नावांचे कागद मोडीत निघायचे. उरले असते तरी उपयोग नव्हता, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे ते कोणाला पाहता येत नाहीत. त्यामुळे १९०१ साली खानदेशात चौदा लाखांवर माणसे होती हे मी तुम्हांला झोपेतही सांगेन. त्यांत माझी पणजी कोणती, ते विचारू नका.

१८८० चे खानदेशचे गॅझेटियर मी पूर्वी चाळले आहे. कॅम्पबेल साहेबाने त्यात नांगर मोजलेत, गाड्या मोजल्यात, बैल आणि म्हशी मोजल्यात. गुजरातेकडून येऊन तापीकाठची काळी जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांचे वर्णनही आहे. आमचे घराणे त्यांतलेच, असे वडील सांगत. गुजरातेतून कधी आलो, कोणत्या गावातून, हे विचारले की ते म्हणत, "फार पूर्वी." इतिहासाचा हा कालखंड आमच्या घरात फार वापरात आहे. कॅम्पबेलच्या यादीत आमचे दोन बैल असणार यात मला शंका नाही. ते हाकणारा यादीत नाही.

आणि नावांनी शोधावे तर आडनाव पाटील. जामनेरच्या बाजारात "अहो पाटील" अशी हाक मारून बघा, भाजीवाल्यासकट अर्धा बाजार मागे वळेल. पाटील हे आडनाव नव्हेच, तो हुद्दा. नॉर्वेतही अशीच गंमत होती, असे सूनबाई म्हणाली. तिथे ओलेचा मुलगा तो ओलसेन, हान्सचा तो हान्सेन. म्हणून माणूस ओळखायला पुढे शेतवाडीचे नाव लावत. वाडी बदलली की नाव बदलले. मी म्हटले, पोरी, ही सोय आमच्याकडेही आहे, पण फक्त बायकांना. आमच्याकडे सून घरात आली की तिला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारतात : पहूरवाली, नेरीवाली, शेंदुर्णीवाली. नॉर्वेचा माणूस ज्या जमिनीवर राहतो तिचे नाव लावी. आमची बाई जी जमीन सोडून आली तिचे.

आमची पणजी तोंडापूरवाली. (पणजी म्हणजे गोव्याची नव्हे; तिचा पत्ता शोधणे त्या मानाने सोपे.) तोंडापूर आमच्याच तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याचे. एवढे सोडून घरात कोणाला काही माहीत नव्हते. शेवटी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याकडे गेलो. तिला विचारले, आत्या, तुझ्या आजीचे नाव काय होते गं?

"तोंडापूरवाली," आत्या म्हणाली.

"ते झालं गं. पण नाव?"

"मले काय माहीत? मी जन्मायच्या आधीच गेली ती. आन् माय तिले सासूबाई म्हने. सासूले कोनी नावानं हाका मारतं का?"

"पण आबा तरी आईचं नाव घेत असतील?"

"आबा आई म्हनत. तू तुह्या आईले काय म्हने?"

या बिनतोड मुद्द्यावर चहा आला.

मग कागद. एका कचेरीत मी चार चकरा मारल्या. तिथे गाव नमुना नंबर १४ असतो. जन्म-मृत्यूची नोंद, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पाने मोडीत. एके काळी मोडी वाचणारा माणूस म्हणजे घरातला एक विक्षिप्त आजोबा असे, आणि त्याला कोणी विचारत नसे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, गावोगावची दप्तरे उघडली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम डॉक्टरसारखा भाव आला. कचेरीबाहेर रांग, त्यात कोणाच्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश अडलेला, कोणाचे पडताळणीचे प्रकरण थकलेले. पणजोबाच्या नावापुढे तीन अक्षरे सापडली की मोठमोठे बाप्ये डोळे पुसताना मी तिथे पाहिले. मी रांगेत उभा राहून सांगितले, मला पणजी हवी आहे. मागचा गृहस्थ म्हणाला, "पणजी चालत नाही हो, बापाच्या बाजूचा पुरुष लागतो."

पण सापडली. नोंद १९१८ च्या ऑक्टोबरातली, म्हणजे मानमोडीच्या साथीतली. त्या महिन्याची पाने इतर महिन्यांच्या कितीतरी पट. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ओळीने ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्याने पुढे पुढे नुसते खुणेचे टिंब दिले आहे. त्यात आमच्या आजोबांचे नाव, आणि पुढे : 'याची आई, ताप.' झाले. फेरफार पाहिला तर पणजोबा गेल्यावर जमीन अज्ञान मुलाच्या नावे, पालनकर्ता चुलता. एका कागदावर मुलाची आई, दुसऱ्यावर तीही नाही.

हा काही एकट्या आमच्या गावचा दोष नव्हे. जुन्या शिरगणतीत बायकांची नावे सांगायला घरच्यांची हरकत असेल तर नुसते 'बाई' असे लिहून पुढे जाण्याची मोजणीदाराला मुभा असे. आणि मोजून तरी काय मोजले? आमच्या जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरी १८८० च्या ऑगस्टात आसोद्याला जन्मल्या आणि १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. हिशेब करा. १८८१ पासून १९५१ पर्यंतच्या आठ शिरगणत्यांत त्या मोजल्या गेल्या असणार, आणि आठही वेळा 'लिहितावाचता येत नाही' या रकान्यात.

सूनबाईला मी कळवले की नाव मिळत नाही. ती म्हणाली, तुमच्याकडे चर्चसारखे कुठे काही लिहून ठेवत नाहीत का? आता स्कँडिनेव्हियन माणसांचे चर्च आमच्या खानदेशातही होते; शिकागोत १८९० साली निघालेल्या त्यांच्या मिशनचे लोक पुढे पश्चिम खानदेशात येऊन राहिले. पण आम्ही काही त्यांच्या वहीत असणार नाही. मग लक्षात आले की आमची वही गंगेवर आहे. म्हणजे नाशिकला! तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावोगावच्या घराण्यांच्या वह्या असतात. हरिद्वारच्या अशाच वह्यांचे अमेरिकेतल्या युटाच्या मंडळींनी १९७७ पासून फोटो काढून नेले. मिनिआपोलिसच्या पोरीला जे सुचते ते जामनेरच्या माणसाला इतक्या उशिरा सुचावे, हे आमच्या स्वभावाला धरूनच आहे.

रामकुंडाजवळच्या एका वाड्यात उपाध्यायांनी मला पाटावर बसवले आणि विचारले, "गाव?" मी गाव सांगितले. "आडनाव?" पाटील म्हटल्यावर ते मंद हसले. कोण कोणाचा भाऊ, कोणाची शेती कुठे, असे दहा प्रश्न झाल्यावर लांबट, मधोमध शिवलेली, लाल कापडातली वही निघाली. त्यांनी पाने उलटली, बोट फिरवले आणि वाचू लागले. शके १८२२, फाल्गुन शुद्ध दशमी. पणजोबांच्या अस्थी घेऊन त्यांचा धाकटा भाऊ आला होता. बरोबर सहा वर्षांचा मुलगा, म्हणजे आमचे आजोबा. आणि बरोबर भावजय. तिचे नाव.

वहीची पद्धतच अशी, की जो येतो त्याला विचारून लिहायचे. ती स्वतः आली होती म्हणून लिहिली गेली. छप्पनच्या दुष्काळाने नवरा नेलेला. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी तेव्हा नव्हती. ती आली पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि २०२० मध्ये थांबली. म्हणजे पाचोऱ्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी. दीर पुढे, मूल कडेवर, मडके मांडीवर. उपाध्यायांच्या पणजोबांनी विचारले असेल, बाई, नाव काय? सासरी आल्यापासून हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला असेल, असा माझा अंदाज आहे. दिराच्या देखत तिने ते कसे सांगितले असेल, देव जाणे.

घरी येऊन मी जुने पंचांग काढले, कारण ती तिथी मला छळत होती. शके १८२२ ची फाल्गुन शुद्ध दशमी म्हणजे १९०१ च्या फेब्रुवारीची अखेर. आणि त्या सालची शिरगणती झाली १ मार्चच्या रात्री. तेव्हा जो जिथे झोपेल तिथे मोजायचा असा नियम. आगगाडीतल्या उतारूंनाही सोडत नसत. विधी आटोपून ती लगेच निघाली असली तरी त्या रात्री फार तर गाडीत असेल, नाहीतर नाशिकच्या एखाद्या धर्मशाळेत. म्हणजे ज्या चौदा लाखांत मी तिला इतके दिवस धुंडाळत होतो, त्यांत बहुधा ती नव्हतीच. नाशिक जिल्ह्याच्या आकड्यात एक माणूस जास्त आहे, ते आमचे.

नाव मी इथे सांगत नाही. बारसे व्हायचे आहे, आणि बारशाआधी नाव फोडायचे नसते. जरा जुन्या वळणाचे आहे, पण सूनबाईला म्हणता येते. त्यात 'ळ' नाही. तिने ते तीनदा म्हणून पाहिले आणि मग विचारले, "काका, आणि त्यांच्या आईचं नाव?"

मी उपाध्यायांना फोन लावला. ते म्हणाले, तोंडापूरची ती वही आमच्याकडे नाही, पलीकडच्या वाड्यात आहे. तिथले गुरुजी चारनंतर भेटतात, मात्र एकादशीला नाही.