अँटेना, घरातला (दूरचित्रवाणी)

टीव्हीच्या डोक्यावर किंवा शेजारच्या फळीवर ठेवायचा छोटा अँटेना. जड बुडावर ‘व्ही’ आकारात उभ्या, एकात एक सरकणाऱ्या दोन दांड्या आणि मागे चपटी दुपदरी वायर, एवढाच त्याचा संसार.

दांड्या ओढायच्या असतात त्या लहरींची लांबी वेगवेगळी असते म्हणून. ६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या प्रक्षेपणाला प्रत्येक दांडी सुमारे १.१ मीटर लागते, २०० मेगाहर्ट्झला ३७ सेंटिमीटर पुरते. दांडी पूर्ण ओढली की चित्र स्वच्छ, ही घरोघरची समजूत त्यामुळे अर्धीच खरी.

हा अँटेना मनोऱ्याच्या जवळ राहणाऱ्यांचा. मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्यात दिसू लागले. पण मनोऱ्यापासून लांबच्या गावांना गच्चीवर बांबू किंवा पाइप उभारण्यावाचून गत्यंतर नव्हते. जवळच्यांत नागपूरच्या मनीषनगराचे पाहा: तिथून सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर जेमतेम सात-आठ किलोमीटर, म्हणजे घरातल्या दांड्यांच्या आवाक्यातला. मात्र सोनेगावचा विमानतळही जवळच. विमानावर आपटून आलेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळली की चित्र थरथरते. अशा वेळी उठून दांडी फिरवण्यात अर्थ नसतो, विमान जाऊ द्यावे. एरवी पडद्यावर ठिपक्यांच्या मुंग्या आल्या की कोणीतरी अँटेना धरून उभे राहायचे आणि बाकीचे ‘हां, आता हलू नको’ म्हणायचे. माणसाचे अंगही लहरींवर परिणाम करते, त्यामुळे हात सोडला की मुंग्या परत.

केबल आल्यावर हे अँटेने माळ्यावर आणि तिथून कबाडीकडे गेले. आज धड जोडी मिळणे कठीण, कारण दांड्या बहुधा मुलामा दिलेल्या पितळेच्या. त्या काढून वजनावर जातात आणि नुसते बूड उरते. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथे नशीब काढता येते. घेताना दांडीचा बुडातला सांधा हलवून पाहावा. तो ढिला असेल तर चकाकीला भुलू नये. चपटी वायर ३०० ओहमची असते, नव्या टीव्हीचे गोल छिद्र ७५ चे, म्हणून मधे दोन्ही जुळवणारा बॅलन लागतो.

दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता बंद झाले. तरी अँटेना बाद होत नाही. मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, तेही याच दांड्या पकडू शकतात; उलगडण्याचे काम टीव्हीतल्या किंवा बाहेरच्या ट्यूनरचे. ‘डिजिटल अँटेना’ ही पाटी निव्वळ दुकानदारी आहे.