पंडिता रमाबाईंच्या ईश्वरनिष्ठेतील करुणा आणि सामर्थ्य

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक चर्चा त्यांनी पूर्वधर्म का सोडला या प्रश्नाभोवती फिरते. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ईश्वरावर कोणत्या अर्थाने भरवसा ठेवला, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. ईश्वर दयाळू आहे आणि तो समर्थ आहे, ही दोन्ही विधाने ख्रिस्ती श्रद्धेत जोडीने येतात. रमाबाईंना मात्र त्यांचा प्रत्यय एकाच वेळी आला नाही, असे साधनांवरून दिसते.

करुणेचा प्रत्यय प्रथम आला. १८८३ साली इंग्लंडमध्ये असताना त्यांनी वाँटेज येथील भगिनीसंघाचे फुलम येथील आश्रयगृह पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची तेथील सेवा पाहून त्यांनी तिचे कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ईश्वराची दया त्यांनी आधी मानवी आचरणात पाहिली. सिद्धांत मागाहून आला. तो आला तेव्हाही त्यांनी तो निमूटपणे स्वीकारला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धांत आणि धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी त्यांनी घेतलेले आक्षेप स्पष्ट आहेत.

सामर्थ्याचा प्रश्न दुष्काळाने उभा केला. १८७० च्या दशकातील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाची वाताहत झाली. दानधर्म, तीर्थयात्रा व अनुष्ठाने करूनही आईवडील व थोरली बहीण वाचली नाहीत. प्रतिष्ठेमुळे मोलमजुरीचा मार्गही त्यांना बंद वाटला, हे रमाबाईंनी पुढे खेदाने नमूद केले आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडताच त्या स्वतः तेथे गेल्या व सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय करावी लागली. ‘मुक्ती’ची उभारणी येथून झाली.

या मुलींच्या पोषणाला निश्चित उत्पन्नाचा आधार नव्हता. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्याचे वचन दिले होते. ते शारदा सदनासाठी होते आणि त्याची मुदतही संपत आली होती. लोकांपुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेच्या बळावर ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र रमाबाईंनी वाचलेले होते. त्यांनी तोच मार्ग पत्करला. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दीड हजारावर गेली.

या भरवशाला निष्क्रियता म्हणता येणार नाही. मुक्तीत शेती, विणकाम, छपाई यांचे शिक्षण मिळे. आपल्या घरात ज्या श्रमाला प्रतिष्ठा नव्हती, त्याला रमाबाईंनी येथे उपासनेच्या शेजारी बसविले. तसेच, मिळणारे साहाय्य मुख्यतः परदेशस्थ ख्रिस्ती बांधवांकडून येत असे. रमाबाई त्यात ईश्वराचा हात पाहत. इतिहासकाराला त्यात मिशनरी संबंधांचे जाळेही दिसते. या दोन वाचनांपैकी एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

साधनांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. फुलमचा वृत्तांत १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘साक्षी’त येतो, तो जवळजवळ पाव शतकानंतरचा आहे, आणि तेव्हा त्यांची श्रद्धा स्थिरावली होती. त्यामुळे अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या व १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रसंग्रहाशी तो ताडून पाहावा लागतो. पत्रांतील रमाबाई प्रश्न विचारतात, ‘साक्षी’तील रमाबाई उत्तर देतात. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता, अशा आशयाची कबुली ‘साक्षी’तच आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते.

केडगाव येथे संकटग्रस्त स्त्रियांसाठी जे गृह निघाले, त्याचे नाव ‘कृपासदन’ ठेवण्यात आले. फुलम येथे पाहिलेली करुणा केडगावच्या माळावर अशी उभी राहिली. ती दिवसेंदिवस चालू ठेवण्यासाठी जे बळ लागले, त्याला रमाबाई ईश्वराचे सामर्थ्य म्हणत. त्यांच्या श्रद्धेचा इतिहास लिहिताना सिद्धांतग्रंथांइतकेच या संस्थांच्या दैनंदिन व्यवहाराकडे लक्ष देणे म्हणूनच अगत्याचे आहे.