या महिन्यात काय वाचताय?



कळमनुरीत आमची पाच-सहा जणांची एक बैठक आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमायचं, चहा घ्यायचा आणि महिनाभरात काय वाचलं ते एकमेकांना सांगायचं. दोन शिक्षक, एक कृषी केंद्रवाले, एक निवृत्त पोस्टमन, एक अंगणवाडी सेविका आणि पीएच.डी.चं घोंगडं भिजत घालून बसलेली मी. नियम एकच आहे. पुस्तकाचं नाव सांगून सुटका होत नाही. नाव सांगितलं की समोरून "बरं, मग?" येतंच.

या महिन्यात माझी पाळी आली तेव्हा मी तीन नावं सांगितली. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप', अनंत भालेराव यांचं 'पेटलेले दिवस' आणि नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'साठी लिहिलेली प्रस्तावना. पोस्टमनकाका हसले. म्हणाले, "एक पोथी, एक आठवणींचं पुस्तक आणि तिसरं तर पुस्तकच नाही, नुसती प्रस्तावना. कशाला कशाचा मेळ नाही."

मेळ आहे. तोच आज तुम्हाला सांगते, कारण माझ्या संशोधनाचं गाडं नेमकं तिथेच अडलं होतं.

माझा विषय आहे निजामी राजवटीच्या शेवटच्या काळातलं मराठवाड्यातलं मराठी वाचन. सोप्या भाषेत सांगायचं तर, आपले आजी-आजोबा काय वाचत होते? प्रश्न साधा वाटतो. पण इतिहासाला पुरावा लागतो, आणि वाचनाचा पुरावा म्हटलं की संशोधक ठरावीक गोष्टींकडे वळतात: वाचनालयाचं रजिस्टर, वर्गणीदारांची यादी, छापलेल्या प्रतींचा आकडा. पुण्या-मुंबईच्या वाचनाचा इतिहास अशा कागदांवरून बऱ्यापैकी लिहिता येतो. आपल्याकडे ते कागद शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही.

त्याची कारणं उघड आहेत. कळमनुरी तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होती (हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला). राज्यकारभाराची भाषा उर्दू. वरच्या वर्गांतलं शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दू. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं महत्त्व मोठं आहे, हे मान्यच केलं पाहिजे. पण घरात मराठी बोलणाऱ्या पोराला शिकायचं तर आधी दुसरी भाषा कमवावी लागायची, हेही तितकंच खरं. त्यात १९२९ मध्ये 'गश्ती निशाण ५३' हे परिपत्रक निघालं आणि परवानगीशिवाय जाहीर सभा घेणं अवघड होऊन बसलं.

गंमत अशी की उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. तो मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. नदीच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. बोली मात्र दोन्हीकडे जवळजवळ तीच.

तर अशा ठिकाणी 'वाचक' शोधायचे कुठे? मी सुरुवात केली मुलाखतींपासून. तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं आणि विचारायचं, "तुमच्या लहानपणी तुम्ही काय वाचायचात?" पुरुषांकडून थोडंफार मिळायचं. बायांकडे गेले की मुलाखत दोन मिनिटांत संपायची. "आम्ही काय वाचणार, बाई? आम्हाला कोणी शाळेत घातलं?" झालं. वहीत मी लिहायची: वाचन नाही.

अशी बरीच पानं भरली. मग एकदा नव्वदीला टेकलेल्या एका आजींकडे बसले होते. नेहमीचा प्रश्न विचारला, नेहमीचं उत्तर आलं. मी वही मिटली. उठता उठता सहज म्हणाले, "मग तुम्हाला कोणी वाचून काय दाखवलं?" आजींनी मला परत बसवलं आणि पुढचा दीड तास 'पांडवप्रताप' सांगितला.

'पांडवप्रताप' १७१२ मध्ये पूर्ण झालेला. महाभारताची कथा सांगणारे ६४ अध्याय. श्रावण लागला की गावोगावी मंदिरात, नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पोथी लागायची. संध्याकाळची जेवणं आटोपली की कंदिलाच्या उजेडात एकजण ओव्या म्हणणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकीचे ऐकणार. रोज एक अध्याय धरला तरी दोन महिन्यांचा ऐवज. म्हणजे 'या महिन्यात काय वाचताय' हा प्रश्न आपल्या गावांना नवा नाही. फक्त तो एकेकट्या माणसाला विचारायचा प्रश्न नव्हता. सगळं गाव मिळून एक पोथी वाचत होतं.

आजींनी बकासुराचा अध्याय सांगितला. गाडाभर अन्न आणि एक माणूस, रोज राक्षसाकडे पाठवायचा. इथवर पोथीतलंच. पण पुढे त्या म्हणाल्या, "अर्थ सांगणारे म्हणायचे, बघा, हीच ती लेव्ही. घरात लेकरं उपाशी आणि गाडा भरून सरकारला धाडायचा."

मी थबकले. चाळीसच्या दशकात हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घेतलं जायचं, त्याला लेव्ही म्हणत, हे मला माहीत होतं. पण ते श्रीधरस्वामींच्या पोथीत कुठून येणार? घरी येऊन अध्याय काढून वाचला. अर्थातच नाही. म्हणून या महिन्यात सगळा 'पांडवप्रताप' वाचायला घेतलाय.

आता विचार करा. त्या गावात एखादं रजिस्टर असतं, तर त्यात नोंद सापडली असती: 'पांडवप्रताप, प्रत १'. आणि माझ्यासारख्या संशोधकाने निष्कर्ष काढला असता की इथले लोक जुनंपानं धार्मिक वाचत होते, राजकारणाचा वारा त्यांना लागलेला नव्हता. प्रत्यक्षात त्या ओसरीवर लेव्हीविरुद्ध बोलणं चाललं होतं. सभेला परवानगी लागायची, पोथीत मात्र बकासुराला नावं ठेवायला कोणाची ना असणार?

इथे मला स्वतःलाच ब्रेक लावायला हवा. एका आजींची पाऊणशे वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नव्हे. लेव्हीचं बोलणं नंतर कधी ऐकलेलं असेल आणि आठवणीत पोथीला चिकटलं असेल. माझ्या मार्गदर्शकांनीही हेच विचारलं. म्हणून आता दुसऱ्या गावांतून, दुसऱ्या घरांतून तोच प्रश्न विचारत फिरतेय. पण एक गोष्ट पक्की झाली. माझा आधीचा प्रश्नच चुकीचा होता. "काय वाचलं?" या प्रश्नाने निम्म्याहून जास्त माणसं, आणि जवळजवळ सगळ्या बाया, इतिहासातून बाहेर पडत होत्या.

दुसरं पुस्तक 'पेटलेले दिवस'. अनंत भालेराव पुढे 'मराठवाडा' या वृत्तपत्राचे संपादक झाले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यात स्वतः होते. हे पुस्तक मी लढ्याच्या घटनांसाठी आधी वाचलं होतं. या वेळी दुसऱ्याच गोष्टीसाठी वाचतेय: त्या काळात बातमी, पुस्तक, विचार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायचे कसे? मूळ 'मराठवाडा' साप्ताहिक आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलं. निजाम सरकारने बंदी घालायची आणि त्यांनी नाव बदलून पुन्हा काढायचं, असं किती तरी वेळा झालं. बंदी असलेला अंक घरात सापडला तर संकट. वाचून, सांगून, पुढे देऊन मोकळं होणं शहाणपणाचं. सापडायला कागदच उरायला नको, ही त्या वाचकांची गरज होती आणि कागद सापडावा ही माझी गरज आहे. त्यांचं यश तेच माझं अपयश.

वाचनालयंही होती, नाही असं नाही. हैदराबाद शहरात १९०१ मध्ये तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढलं आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं. मराठवाड्यातून शिकायला गेलेल्या पोरांना अशा ठिकाणी मराठी पुस्तकं भेटायची. ती पोरं सुट्टीत गावी आली की वाचलेलं सांगायची. म्हणजे पुन्हा सांगणंच!

आता तिसरं, कुरुंदकर. नरहर कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. हे नांदापूर आपल्या कळमनुरी तालुक्यातलं. मूळ गाव कुरुंदा, वसमत तालुक्यातलं. नांदापूर त्यांचं आजोळ. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर कवी होते, हैदराबादला मराठी शिकवायचे आणि मुक्तेश्वर व मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला होता. म्हणजे ओसरीवरच्या पोथीतलं महाभारत या घरात संशोधनाचा विषय झालं होतं. भाचा शिकायला मामांकडे हैदराबादला गेला. कॉलेजच्या परीक्षांत अडखळला, पदवी उशिरा मिळाली, पण वाचन अफाट. पुढे नांदेडला शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच ते गेले.

१९६८ मध्ये रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' आली. तिची प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. शिवाजी महाराजांवरची साधनं आपण कशी वाचतो, त्यातलं काय पटतं, काय पटत नाही आणि का, हे एक वाचक दुसऱ्याला सांगतोय. लढायांच्या पराक्रमापुढे जाऊन महाराजांनी उभं केलेलं राज्य आणि त्यामागचे लोक यांच्याकडे बघा, असा त्याचा रोख. पत्र असल्यामुळे त्यात समोरच्याचं ऐकणंही आहे. कुरुंदकरांची बरीचशी पुस्तकं अशीच आहेत: आधी भाषण, चर्चा, पत्र, मग छापील पान.

कुरुंदकरांना लोक एकांडा विद्वान म्हणून बघतात. मला मात्र ते या परिसराच्या जुन्या सवयीचं मोठं रूप वाटतात. पोथीचा अर्थ सांगणारा माणूस जे करायचा, म्हणजे ओवी घ्यायची आणि समोरच्यांच्या जगण्याला लावून दाखवायची, तेच त्यांनी इतिहास, मनुस्मृती, कादंबरी यांच्याबाबत केलं. फरक मोठा होता. ते श्रद्धेने मान डोलवायला सांगत नव्हते, वाद घालायला सांगत होते.

ही ओसरी मी फार गोड करून सांगतेय असं वाटेल, म्हणून एक कटू गोष्ट. त्या ओसरीवर सगळ्यांना जागा नव्हती. दलित माणूस ऐकायला आला तर बाहेर, लांब. सांगण्यावर उभं राहिलेलं वाचन कोणाला आत घेतं आणि कोणाला बाहेर ठेवतं, हे सांगणाऱ्याच्या हातात राहतं. म्हणूनच १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी कॉलेज काढलं, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं, त्याचं मोल वेगळं आहे. पुस्तक स्वतःच्या हातात आलं. आणि हातात आल्यावर त्या पिढीने काय केलं? गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने लेखक-वाचक मेळावे भरवले. पुन्हा एकत्र बसणं, पुन्हा एकमेकांना सांगणं. या वेळी बाहेर कोणी उभं नव्हतं.

तर पोस्टमनकाका, मेळ हा असा आहे. तिन्ही पुस्तकांत मला एकच गोष्ट दिसतेय: आपल्या भागात पुस्तक एकाच्या हातात असायचं आणि वाचन पन्नासांचं व्हायचं. प्रती मोजून ते कळणार नाही. सांगणं मोजावं लागेल, आणि सांगणाऱ्यांसोबत ते दर वर्षी कमी होतंय. त्या दिवशीच्या आजींकडे मी पुन्हा जाणार आहे, रेकॉर्डर घेऊन. आधी ज्यांच्यापुढे 'वाचन नाही' असं लिहून आले, त्या घरांचीही यादी काढली आहे. त्यातल्या काही आजी आता नाहीत. त्या पानांवरचं 'वाचन नाही' खोडता येईल, पण त्याजागी लिहायला काही मिळणार नाही.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर एक काम करा. "काय वाचायचात?" असं विचारू नका. "तुम्हाला कोण काय वाचून दाखवायचं, आणि ते काय सांगायचे?" असं विचारा. उत्तर आलं तर तारीख, गाव घालून लिहून ठेवा.

पुढच्या रविवारी अंगणवाडीच्या ताईंची पाळी आहे. त्या म्हणाल्या, "मी पुस्तक नाही आणणार, सासूबाईंना घेऊन येते." खुर्ची मोकळी ठेवली आहे.