नोंदीबाहेरच्या अकराजणी

गोव्यातल्या फुटबॉलचा इतिहास सांगायला कुणी बसलं, की सुरुवात ठरलेली असते. 1883 साल, शिवोली गाव आणि विल्यम रॉबर्ट लायन्स हे पाद्री. पुढे धेंपो, साळगावकर हे क्लब येतात, मग ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रूनो कुतिन्हो. ही यादी आपल्याकडे चहाच्या टेबलावरही तोंडपाठ असते. पण योलांडा डिसोझा हे नाव त्यात क्वचितच ऐकू येतं. योलांडा गोव्याची, आणि भारताच्या महिला संघाच्या सुरुवातीच्या पिढीतली आंतरराष्ट्रीय खेळाडू. एवढी मोठी गोष्ट यादीतून गळते कशी, हा या टिपणाचा विषय आहे.

सुरुवात 1975 पासून करतो. त्या वर्षी भारतात महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र संघटना निघाली. स्वतंत्र म्हणजे खरोखरच वेगळी: पुरुषांचा फुटबॉल चालवणारा अखिल भारतीय महासंघ तिच्यात नव्हता. आशियातही तसंच, महिलांच्या स्पर्धा आशियाई लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन नावाची वेगळी संस्था भरवी. राष्ट्रीय महिला संघाचे पहिले प्रशिक्षक झाले कोलकात्याचे सुशील भट्टाचार्य.

1980 मध्ये आशियाई स्पर्धा थेट भारतात आली, केरळात कालिकतला. यजमानांनी एक नव्हे, दोन संघ उतरवले: भारत दक्षिण आणि भारत उत्तर. त्यातला दक्षिण संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चिनी तैपेईकडून 0-2 असा हरला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगला भारत तिसरा आला. 1983 साली बँकॉकला पुन्हा अंतिम सामना; तिथे यजमान थायलंडने 3-0 असं हरवलं. म्हणजे बघा, लागोपाठच्या तीन आशियाई स्पर्धांत दोनदा उपविजेतेपद आणि एकदा तिसरा क्रमांक. याच पिढीतली बंगालची शांती मल्लिक ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू.

मग विसर का पडला? मला याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण कागदाचं. 1986 साली आशियातली ती वेगळी संस्था पुरुषांच्या आशियाई महासंघात विलीन झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही महिलांचा खेळ अखिल भारतीय महासंघाकडे गेला. संस्था बदलली की खुर्च्या हलतात, पण जुनी दप्तरं सोबत हलतातच असं नाही. नव्या घरात नवी वही उघडली जाते आणि पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख पडते. आधीचं सगळं मग आठवणींवर सोपवलेलं राहतं.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. पुरुष खेळाडूचं नाव आयुष्यभर एकच राहतं. मुलगी माहेरच्या नावाने खेळते, लग्नानंतर आडनाव बदलतं, आपल्याकडे कितीतरी घरांत पहिलं नावही बदलतं. जुन्या वर्तमानपत्रातलं संघाच्या यादीतलं नाव आणि आज शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या आजी, या दोघी एकच आहेत हे जुळवणार कोण? शोधणारा तिथेच थांबतो.

हा सगळा जुन्या काळचा प्रकार, असंही समजू नका. अठरा महिने सामनेच झाले नाहीत म्हणून 2009 मध्ये जागतिक क्रमवारीतून भारताच्या महिला संघाचं नावच गेलं. पुढच्याच वर्षी याच देशाच्या मुलींनी बांगलादेशात कॉक्स बाजारला पहिली सॅफ स्पर्धा जिंकली, आणि 2019 पर्यंत लागोपाठ पाच वेळा जिंकली. 2022 मध्ये आशियाई चषक महाराष्ट्रात आला. 20 जानेवारीला नवी मुंबईत भारत-इराण सामना 0-0 असा सुटला. तीन दिवसांनी चिनी तैपेईशी गाठ होती, पण कोविडमुळे नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत. भारत बाहेर पडला आणि इराणविरुद्धचा तो पूर्ण खेळलेला सामनाही स्पर्धेत रद्द धरला गेला. नव्वद मिनिटं धावूनही गुणतक्त्यात काहीच नाही!

5 जुलै 2025 ला चिआंग माईत संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताने थायलंडला 2-1 असं हरवलं आणि पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पहिल्यांदाच जागा मिळवली. त्यातला ‘पहिल्यांदाच’ हा शब्द बरोबर आहे, पण तो पात्रता फेरीपुरता. या विजयाच्या बेचाळीस वर्षं आधी त्याच थायलंडशी, त्यांच्याच देशात, भारताच्या मुली आशियाच्या अंतिम सामन्यात खेळून आल्या होत्या. आजच्या मुलींचं कौतुक करताना हे सांगितलं तर त्यांचं काही कमी होत नाही; उलट त्यांच्या मागे कुणीतरी उभं आहे हे कळतं.

आपल्या मंडळाला इथे करण्यासारखं काम आहे, आणि ते घाईचं आहे. 1980 साली विशीत असलेल्या खेळाडू आज साठी ओलांडून गेल्या आहेत. मडगाव, वास्को, म्हापसा, पणजी: जिथे ओळख आहे तिथे विचारा. संघाचा फोटो मिळाला तर डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्या, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. प्रमाणपत्रं, कात्रणं, प्रवासाची तिकिटं, जर्सीचा नंबर, सगळं टिपून ठेवा. फोटोच्या मागची तारीख मात्र आधी उतरवा, कारण शाई सगळ्यात आधी पुसट होते.