कनातीखालचा वारा

डिसेंबरात धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर आला, की फोनवर बातमी झळकते आणि आपण गोधडी डोक्यावरून ओढतो. हाच गारठा तंबूत काढायचा आहे असं समजा. छत धड आहे, कनाती ताणलेल्या आहेत, तरी मध्यरात्री पाय गारठून जातात. कापड सरळ असतं, जमीन नसते. पावसाळा सरला की खान्देशच्या काळ्या मातीला तर भेगाच पडतात. कनातीच्या खालच्या कडेला चार बोटं फट राहते आणि वारा नेमका तिथूनच शिरतो.

१८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशचा कारभार पाहू लागला. मुख्य ठाणं त्यानं धुळ्याला केलं. १८२५मध्ये जेम्स औट्रम धरणगावला भिल्ल पलटण उभारत होता. पण हे राज्य नुसतं कचेरीत बसून चालणारं नव्हतं. दिवाळी सरली की साहेबाचा मुक्काम गावोगाव हलायचा. महसूल, तक्रारी, निवाडे, सगळं तंबूत. म्हणजे ऐन थंडीचे महिने कापडाच्या घरात.

त्या घराची फट बुजवायची युक्ती अशी. कनातीच्या खालच्या कडेला वीत-दीड वीत रुंदीची जाड कापडाची पट्टी शिवलेली असते. ती आत दुमडून जमिनीवर सपाट पाडायची आणि मग तिच्यावर जाजम आणायचं. जाजमाच्या वजनानं पट्टी दबते, वारा बाहेर राहतो. क्रम मात्र चुकता कामा नये. जाजमाची कड कनातीबाहेर राहिली, तर कापडावरून ओघळणारं पाणी तिच्यावर साचून थेट अंथरुणात येतं. पट्टी बाहेर काढून तिच्यावर माती लोटायचीही रीत आहे. वारा पक्का अडतो, पण ओल्या मातीत सुती कापड लवकर कुजतं. जाजमाखाली आधी गवत किंवा कडबा हवा, नाहीतर जमिनीची ओल वर चढते. रबर चढवलेलं कापड आलं तेव्हा ही कटकट कमी झाली. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांना तेच खाली अंथरायला आणि तेच पावसात पांघरायला होतं. आणि हो, तंबू अगदी गच्चही करायचा नाही. श्वासाची वाफ छताला लागून पहाटे थेंब पडतात. आत शेगडी पेटवलेली असेल, तर जिवावरच बेततं.

ही विद्या साहेबाची नव्हे. तंबू, कनात, जाजम हे शब्दच सांगतात की ती त्याच्या आधीपासूनची आहे. अकबरानं १६०१मध्ये असीरगड घेतला आणि खान्देश मुघलांकडे गेला. त्याच्या दरबारातल्या अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त फराशखान्यावर वेगळं लिहिलं आहे, जाजम आणि शतरंजी त्यात आहेत. पेशव्यांचाही असा फरासखाना होता. पुण्यातल्या पोलीस ठाण्याच्या नावात तो अजून टिकून आहे.

तंबू ठोकणाऱ्याला कंपनीच्या काळात खलाशी म्हणत. आपल्याला खलाशी म्हटलं की जहाज आठवतं. पण शीड काय नि कनात काय, दोन्हीकडे दोर, कापड आणि वारा. नाव काही चुकलेलं नाही.

तंबू शिवणारे हात कुणाचे, ही गोष्ट तर आणखी चमत्कारिक. विल्यम स्लीमननं पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले, त्यांच्यासाठी १८३७च्या सुमारास जबलपूरला उद्योगशाळा निघाली. तिथं गालिचे आणि तंबू होत. वाटसरूच्या गळ्याला रुमालाचा फास लावणारी माणसं आता वाटसरूच्या मुक्कामासाठी टाके घालत होती. हे वाचल्यापासून तंबूची शिवण बघताना मला जरा वेगळंच वाटतं.

आता सारंगखेड्याला, १९९८पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं, दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला आलेल्या पर्यटकांसाठी तापीकाठी तंबू लागतात. आत पलंग, खाली गालिचा. त्याच आठवड्यांत चाळीसगावकडची ऊसतोड कुटुंबं कुठल्यातरी कारखान्याच्या फडाशेजारी कोपीत असतात. तट्ट्या, पाचट, वर ताडपत्री. तिथं खलाशी नसतो. कोयता ठेवून बाईच कोपीभोवती फावड्यानं माती चढवते, ताडपत्रीची कड आत दुमडते, तिच्यावर दाण्याचं पोतं ठेवते आणि लेकरांना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला निजवते.