नक्षी दिव्यावरून उतरली तेव्हा

दिवाळी झाली की वडशात, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजात, नाटक कंपन्यांच्या ऑफिसांमध्ये वर्दळ वाढते. धानाची कापणी उरकत आलेली असते, गावोगावची मंडळं प्रयोग ठरवायला येतात आणि थेट होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. या रंगभूमीवरच्या नटांबद्दल, दंडारीबद्दल, उलाढालीबद्दल बरंच बोललं जातं. मला बोलायचंय दिव्याबद्दल. त्यातही वरखाली करता येणाऱ्या, मान वळवता येणाऱ्या, कमीजास्त करता येणाऱ्या दिव्याबद्दल. अशा दिव्याचं रूप कशाने ठरतं, सजावटीने की कामाने?

कायद्याने याचं उत्तर देऊन टाकलंय. अमेरिकेत १८४२ पासून वस्तूच्या निव्वळ रूपालाही पेटंट मिळतं. अट अशी की ते रूप शोभेचं हवं, केवळ कामाच्या गरजेतून आलेलं नको. आपला डिझाइन कायदा २००० सालचा. त्यात आकार, नक्षी, रंग आणि रेषांची मांडणी यांना संरक्षण आहे, पण निकष एकच: डोळ्यांना काय दिसतं. वस्तू चालते कशी, हा भाग त्यातून वगळलेला. मुदत दहा वर्षांची, पुढे आणखी पाच वर्षं वाढवून मिळते. थोडक्यात, दिव्याची मान कशी दिसते याची नोंदणी होईल. ती कशी वळते यासाठी पेटंटच्या दुसऱ्या खिडकीवर जा.

जुन्या दिव्यांना मात्र ही विभागणी लागू करता येत नाही. आपला लामणदिवा घ्या. तो साखळीने टांगायचा. ज्योत वर हवी की खाली, ते साखळीची कुठली कडी आकड्यात अडकवली यावर ठरतं. त्या साखळीतच मोर, हंस, हत्ती बसवलेले असतात. मुंबईतल्या जोगेश्वरीला दिव्याची एक जुनी ब्राँझची साखळी सापडली. तिच्यात हत्ती आहे, हत्तीवर स्वार आहे. ती आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे हत्ती हा साखळीचाच एक दुवा आहे. वरचं वजन त्याच्याकडे येतं आणि त्याच्यामार्फत खाली जातं. तो शोभेचा आहे आणि भार उचलणाराही आहे.

गडचिरोलीच्या पूर्वेला, बस्तरमधल्या कोंडागावच्या अशोक चक्रधारी या कुंभाराने केलेला दिवा २०२० च्या दिवाळीच्या सुमारास मोबाइलवरून देशभर फिरला. पणतीच्या वर मातीचा एक घुमट, त्यात तेल. पणतीतलं तेल कमी झालं की नळीचं तोंड उघडं पडतं, आत हवा शिरते आणि तेल खाली उतरतं. पातळी वाढली की तोंड पुन्हा बुडतं आणि तेल थांबतं. माणसाचा हात न लागता स्वतःला सांभाळणारा दिवा. घुमट बघणाऱ्याला तो देवळाचा कळस वाटेल. प्रत्यक्षात ती तेलाची टाकी आहे.

झाडीपट्टीच्या मंचावर अर्थातच लामणदिवा पुरणार नव्हता. तिथे आधी मशाली आणि टेंभे, मग गॅसबत्ती. गॅसबत्ती म्हणजे पेट्रोमॅक्स. तिच्यातल्या मेंटलचा शोध ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने लावला. पहिलं पेटंट १८८५ चं. पुढे बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्याने दाबाखालच्या रॉकेलवर चालणारा कंदील बनवला आणि ‘पेट्रोलियम’ला मालकाचं ‘माक्स’ जोडून नाव ठेवलं. ही बत्ती कमीजास्त करायची म्हणजे पंप मारायचा. दाब उतरला की उजेड पिवळट होतो, मग कुणीतरी पुन्हा पंप मारतो. रात्रभराच्या नाटकात हे काम करणारा माणूस नटाइतकाच जागा राहणार. पण या बत्तीला दिशा नाही. ती चारही बाजूंना सारखी जळते. राजा आणि त्याच्या मागचा शिपाई दोघांना समान उजेड, आणि पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोळ्यांतही तोच. कुणाकडे बघायचं हे दिवा सांगत नव्हता. ते नटाला आवाजाने, गाण्याने आणि हातवाऱ्यांनी सांगावं लागे. झाडीपट्टीचा अभिनय शहरी प्रेक्षकाला मोठा, भडक वाटतो. माझ्या मते त्यामागे या उजेडाचाही हात असणार.

वीज आली आणि स्पॉटलाइट आला तेव्हा दिव्याला मान मिळाली. त्याच्या तोंडाशी एकात एक वर्तुळं असलेली काच असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती कापलेल्या काचेची नक्षीच वाटेल. पण ती रचना फ्रान्सच्या ओग्युस्तँ फ्रेनेलने दीपगृहासाठी केली. १८२३ मध्ये कॉर्दुआँच्या दीपगृहात ती बसली. जाड भिंगाचा मधला निरुपयोगी भाग काढून फक्त वक्र पृष्ठभाग ठेवायचा, म्हणजे वजन घटतं. आतला बल्ब काचेजवळ सरकवला की उजेड पसरतो, मागे ओढला की एका चेहऱ्यावर येतो. इथपर्यंत दिव्याच्या अंगावरची प्रत्येक शोभा कामातून आलेली दिसते.

पुढचा बदल माझ्या धंद्याच्या जवळचा. १९८१ मध्ये बार्सिलोनात जेनेसिस या बँडच्या कार्यक्रमात व्हॅरी-लाइट कंपनीचे दिवे मोटरवर, संगणकाच्या आज्ञेने वळले. १९८६ मध्ये डीएमएक्स-५१२ हा करार ठरला: एका केबलवर ५१२ चॅनल, प्रत्येकात ० ते २५५ मधला एक आकडा. मान किती वळवायची हा एक आकडा, रंग कुठला हा दुसरा. प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने ही फार सोपी भाषा आहे. मग २०१० मध्ये इटलीच्या क्ले पाकी कंपनीने शार्पी आणला, फक्त १८९ वॉटच्या दिव्यातून आकाशात काठीसारखा सरळ झोत टाकणारा. आज आपल्याकडे वरातीत, गणपतीत कुठल्याही कंपनीचा तसा दिवा असला तरी पोरं त्याला शार्पीच म्हणतात.

या दिव्याकडे बंद असताना बघा. काळा प्लास्टिकचा डबा, दोन बाजूंना दोन हात, खाली पाया. मोर नाही, हत्ती नाही, पितळ नाही. नक्षी गेली कुठे? ती आत आहे. आत एक चकती रंगांची आणि दुसरी आकृत्या कापलेल्या पत्र्याची. जुन्या जाळीदार कंदिलाचंच हे काम, फक्त जाळी आता डब्यात दडलेली आणि फिरती. नक्षी दिव्यावरून उतरली आणि प्रकाशात गेली. नोंदणी मात्र अजूनही डब्याच्या रूपाचीच होते. हवेत उमटून क्षणात विरणारं फूल त्या अर्जात बसत नाही.

झाडीपट्टीला याचा फरक पडतो. तिथल्या नाटकात आता नाचगाण्याच्या तुकड्यांना हे झोत हवेच असतात. पोरं त्यासाठी येतात, आणि पोरं आली तर तिकिटं खपतात. त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. वर्षातले चार-पाच महिने शेकडो घरं या नाटकांवर चालतात. अडचण वेगळी आहे. साखळीची कडी, पंप, मागे सरकणारा बल्ब या सगळ्या सोयी बघणाऱ्याला काहीतरी नीट दिसावं म्हणून झाल्या. नव्या दिव्यात हवं तिथे वळण्याची ताकद सर्वांत जास्त आहे आणि ती बहुतेक वेळा तयार प्रोग्रॅमवर गोल गोल फिरण्यात खर्च होते. झोत नटावरून प्रेक्षकांच्या डोळ्यांत, तिथून मंडपाच्या कापडावर. गॅसबत्तीला दिशाच नव्हती. याला आहे, पण ती ठरवणारा कुणी नाही.

परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या सुमारे ८०० भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोगांचा उल्लेख झाला. इतक्या भूमिका चेहऱ्यावरच उभ्या राहतात, त्यातही विनोदी भूमिका. पहाटे चारला, शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीला नटाची भुवई हललेली दिसली तरच ती हसेल. त्यासाठी नवं यंत्र नको. त्याच केबलवरचे दोन-तीन चॅनल आणि नाटकाची संहिता वाचलेला एक लाइटवाला एवढं पुरे. संहिता वाचण्याचे पैसे त्याला कंपनीने वेगळे द्यावेत, आणि पोस्टरवर नटांच्या फोटोंखाली त्याचंही नाव छापावं.