प्रेरक संवाद (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग)

आरोग्याला घातक सवय बदलण्याची कारणे रुग्णाच्याच तोंडून पुढे यावीत, यासाठीची समुपदेशन पद्धत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये मद्यासक्तांच्या उपचारासंदर्भात मांडली. स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी या पद्धतीवर लिहिलेला ग्रंथ १९९१ मध्ये आला. सिगारेट सोडावीशी वाटते, पण सोडवत नाही, ही द्विधा अवस्था येथे स्वाभाविक मानतात. उपदेश केला की रुग्ण बहुधा सवयीचीच बाजू घेतो. म्हणून खुले प्रश्न, लक्षपूर्वक ऐकणे आणि सल्ल्यापूर्वी परवानगी घेणे यांवर भर असतो. ‘शून्य ते दहामध्ये हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो?’ याला ‘चार’ उत्तर आल्यास ‘शून्य का नाही?’ असे विचारतात, म्हणजे बदलाची कारणे पुढे येतात. ‘दहा का नाही?’ विचारल्यास सबबीच ऐकू येतात. या पद्धतीचा परिणाम बहुधा माफक असतो. समुपदेशकाला एका कार्यशाळेने हे कौशल्य येत नाही. त्याचे रुग्णांशी झालेले प्रत्यक्ष संवाद तपासून मार्गदर्शन मिळावे लागते.